बँकेचा संशय आणि पोलिसांची मागणी

खात्यात घडलेला व्यवहार ही एक गोष्ट आणि त्या व्यवहाराविषयी बँकेला आलेला संशय ही दुसरी गोष्ट, आणि भारतीय कायद्याने या दोहोंसाठी दोन निरनिराळ्या वाटा आखून दिल्या आहेत. व्यवहाराची नोंद पोलीस, न्यायालय किंवा अन्य तपासयंत्रणा कायदेशीर रीतीने मागतील तेव्हा बँकेला ती द्यावी लागते. संशयाचा अहवाल मात्र बँक केंद्र सरकारच्या एकाच कार्यालयाकडे पाठवते आणि तो पाठवला की नाही, हेही इतर कोणाला सांगत नाही. हा भेद ठाऊक नसल्याने ग्राहकाला बँक आपल्याविरुद्ध चुगली करते असे वाटते, तपासी अंमलदाराला बँक माहिती दडवते असे वाटते, आणि दोहोंच्या मध्ये सापडलेल्या शाखाधिकाऱ्याला नेमके काय द्यावे आणि काय देऊ नये, हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न महानगरांतील मोठ्या शाखांपुरता नाही. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे बांधलेल्या धरणाने, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराने, या खोऱ्यातील पैशाचा ओघच बदलून टाकला. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव या जलाशयाखाली गेले. धरणाच्या वरच्या अंगाला भीमाशंकरच्या डोंगररांगांत हिरडा, भात आणि मजुरी यांवर जगणारी महादेव कोळी समाजाची गावे राहिली, तर खालच्या अंगाला कालव्यांच्या पाण्यावर ऊस, कांदा, बटाटा आणि टोमॅटो पिकवणारा बागायती पट्टा उभा राहिला. घोडेगाव, मंचर, नारायणगाव किंवा जुन्नर येथील बँकेत त्यामुळे दोन टोकांची खाती एकाच छपराखाली असतात. एकात वर्षभर मजुरी आणि अनुदानाच्या किरकोळ रकमा येतात, आणि दुसऱ्यात हंगामाच्या चार आठवड्यांत लाखोंची उलाढाल होऊन उरलेले वर्ष शांततेत जाते. अशा ठिकाणी संशयास्पद काय आणि स्वाभाविक काय हे ठरवणे अवघड असते, आणि म्हणूनच संशयाच्या अहवालाची गुप्तता येथे केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

या अहवालाचा कायदेशीर आधार म्हणजे गुन्ह्यातून मिळवलेला पैसा वैध असल्याचे भासवण्याच्या प्रकाराला आळा घालण्यासाठी केलेला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२. ‘पीएमएलए’ या आद्याक्षरांनी परिचित असलेला हा कायदा १ जुलै २००५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार व्यापारी बँका, सहकारी बँका, वित्तसंस्था, चिट फंड कंपन्या आणि टपाल खाते यांच्यावर व्यवहारांच्या नोंदी ठेवण्याची आणि ठरावीक प्रकारच्या व्यवहारांची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी आहे. ही माहिती स्वीकारण्यासाठी केंद्र सरकारने १८ नोव्हेंबर २००४ रोजी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट हा स्वतंत्र विभाग स्थापन केला होता. अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीतील या विभागाला व्यवहारात ‘एफआययू’ म्हणतात. एफआययू छापे घालत नाही, कोणाला अटक करत नाही आणि खटलाही चालवत नाही. देशभरातील बँकांकडून आलेली माहिती एकत्र करणे, तिचे विश्लेषण करणे आणि तिच्यात तथ्य दिसल्यास योग्य त्या तपासयंत्रणेकडे ती सोपवणे, एवढेच या विभागाचे काम आहे.

बँकेकडून जाणाऱ्या अहवालांत दोन प्रकार वारंवार एकमेकांत मिसळले जातात, म्हणून ते वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. दहा लाख रुपयांहून अधिक रकमेचा रोखीचा व्यवहार झाला, किंवा परस्परांशी जोडलेल्या लहान रोख व्यवहारांची एका महिन्यातील बेरीज दहा लाखांपलीकडे गेली, की त्याचा रोख व्यवहार अहवाल पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत जातो. येथे संशयाचा प्रश्नच नसतो, रकमेची मर्यादा ओलांडली एवढेच कारण पुरते. संशयास्पद व्यवहार अहवालाला, म्हणजे बँकेच्या बोलीतील ‘एसटीआर’ला, रकमेची कोणतीही मर्यादा नाही. व्यवहारातील पैसा गुन्ह्यातून आला असावा असे मानण्यास वाजवी कारण असणे, व्यवहार विनाकारण गुंतागुंतीचा असणे, त्यामागे आर्थिक तर्क किंवा प्रामाणिक हेतू न दिसणे, अथवा तो दहशतवादाला पैसा पुरवण्यासाठी असावा असे वाटणे, यांपैकी एक कारणही त्याला पुरेसे असते. किंबहुना ग्राहकाने व्यवहार करण्याचा केवळ प्रयत्न केला आणि तो पूर्ण झाला नाही, तरीही अहवाल देता येतो. व्यवहार संशयास्पद असल्याची खात्री पटली की हा अहवाल तत्परतेने पाठवायचा असतो.

संशयाचा निर्णय शाखेच्या खिडकीवर होत नाही. बँकेच्या मध्यवर्ती संगणकप्रणालीत ग्राहकाचा व्यवसाय, अपेक्षित उलाढाल आणि जोखमीची श्रेणी यांची नोंद असते, आणि प्रत्यक्ष व्यवहार त्या चौकटीबाहेर गेला की प्रणाली इशारा देते. असा इशारा मुख्यालयातील कक्षाकडे जातो, तेथून शाखेकडे खुलासा मागवला जातो, आणि शाखेचा अभिप्राय पाहून प्रधान अधिकारी, म्हणजे या कायद्याखालील कळवणीसाठी बँकेने खास नेमलेला वरिष्ठ अधिकारी, अहवाल पाठवायचा की इशारा निकाली काढायचा हे ठरवतो. शाखेने खुलासा दिला, तरी पुढे अहवाल गेला की नाही हे तिला कळेलच असे नाही, आणि ही व्यवस्था गुप्ततेच्या दृष्टीने उपकारक ठरते, कारण ज्याला ठाऊकच नाही त्याच्याकडून गोष्ट फुटण्याची भीती उरत नाही.

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचा अनुभव ही प्रक्रिया समजण्यास उपयोगी आहे. जुलै २०२३ मध्ये देशभर टोमॅटोचे भाव भडकले तेव्हा जुन्नर बाजार समितीच्या नारायणगाव येथील उपबाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला, आणि तालुक्यातील काही उत्पादकांच्या हाती एका हंगामात कोटीच्या घरातील रक्कम आली. ज्या खात्यात एरवी वर्षाला पाच-सात लाख फिरतात, त्यात महिन्याभरात एवढा पैसा आला तर संगणकाने इशारा देणे स्वाभाविकच होय. परंतु अडत्याची हिशोबपट्टी, सातबारा उताऱ्यावरील पीकनोंद आणि त्या काळातील बाजारभाव या तीन गोष्टी जुळल्या की आर्थिक तर्क स्पष्ट होतो आणि संशयाला जागा उरत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त असल्यामुळे अन्य मार्गाने आलेला पैसा शेतीचा म्हणून दाखवण्याचा मोह काहींना होतो, आणि ज्याच्या नावावर एक एकर जिरायत जमीन आहे त्याच्या खात्यात बागायतदाराएवढी रक्कम रोखीने, तुकड्यातुकड्यांनी, पन्नास हजारांच्या आतच भरली जाऊ लागली, तर गावाची आणि पिकांची माहिती असलेला शाखाधिकारी जे ओळखतो ते मुख्यालयातील संगणकाला ओळखता येत नाही.

धरणाच्या वरच्या अंगाची खाती वेगळ्या कारणाने जोखमीची असतात. पूर्ण कागदपत्रे नसलेल्यांसाठी उघडलेल्या ‘लहान खात्या’त शिल्लक पन्नास हजार रुपयांपेक्षा, वर्षभराची एकूण जमा एक लाखापेक्षा आणि महिन्याची उचल दहा हजारांपेक्षा जास्त असू नये, अशी मर्यादा आहे. अशी बंधने असली तरी देशात सायबर फसवणूक करणाऱ्या टोळ्या गरिबांची खाती थोड्या मोबदल्यात वापरायला घेतात आणि फसवणुकीचा पैसा काही तासांत त्यांतून पुढे सरकवतात. अशा भाड्याच्या खात्यावर कारवाई होते तेव्हा पोलिसांच्या नोटिशीत नाव मात्र खातेदाराचे येते. येथे वेळेवर पाठवलेला अहवाल मूळ टोळीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग ठरू शकतो, पण त्याची कुणकुण लागली तर टोळी खाते सोडून पसार होते आणि तपासाच्या तावडीत खातेदार एकटाच सापडतो.

ही कुणकुण लागू नये म्हणूनच कायद्याने गुप्ततेचे बंधन घातले आहे. कलम १२ च्या पोटकलम २ नुसार ठेवलेली, पुरवलेली किंवा पडताळलेली प्रत्येक माहिती गोपनीय ठेवली पाहिजे, अन्य कायद्यात वेगळी तरतूद असेल तेवढाच त्याला अपवाद. रिझर्व्ह बँकेने २५ फेब्रुवारी २०१६ रोजी काढलेल्या ‘केवायसी’विषयक, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याविषयीच्या, मुख्य निर्देशांत हे बंधन संचालकांपासून साध्या कर्मचाऱ्यापर्यंत सर्वांना लागू केले आणि त्याला दोन महत्त्वाच्या सूचनांची जोड दिली. पहिली अशी की केवळ अहवाल पाठवला म्हणून ग्राहकाच्या खात्यावर कोणतेही निर्बंध घालायचे नाहीत, कारण खाते अचानक बंद पडले की ग्राहक सावध होतोच, आणि शिवाय बँकेचा संशय म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. दुसरी अशी की अधिक चौकशी केल्यास ग्राहकाला सुगावा लागेल असे बँकेला वाटत असेल, तर ती चौकशी न करता सरळ अहवाल पाठवायचा. हिशोबपट्टी मागणे हा बँकेच्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. परंतु ‘तुमच्याविषयी वर कळवायचे आहे, म्हणून कागद आणा’ असे सांगणे हा गुप्ततेचा भंग आहे.

गुप्ततेच्या मोबदल्यात बँकेला संरक्षणही मिळते. कलम १४ नुसार अशी माहिती पुरवल्याबद्दल बँक, तिचे संचालक आणि कर्मचारी यांच्याविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी कारवाई करता येत नाही. जेथे ग्राहक आणि शाखाधिकारी आठवडे बाजारात, लग्नकार्यात आणि ग्रामसभेत एकमेकांना भेटतात, तेथे या संरक्षणाइतकेच महत्त्व गुप्ततेला आहे. अहवाल कोणी लिहिला हे गावात कळणार असेल तर कोणताही अधिकारी तो निर्भयपणे लिहिणार नाही.

पोलिसांच्या मागणीचा विचार आता या पार्श्वभूमीवर करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार न्यायालयाला किंवा पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तपासासाठी आवश्यक असलेला दस्तऐवज मागवता येतो. जुन्या संहितेत हेच काम कलम ९१ करत असे. अशी लेखी मागणी आली की बँक प्रथम पत्र खरे आहे का, त्यावर गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, कायद्याचे कलम आणि अधिकाऱ्याचे पद आहे का, आणि मागितलेली माहिती कोणत्या खात्याची व कोणत्या कालावधीची आहे, हे पडताळून पाहते. मग खाते उघडण्याचा अर्ज, ओळखीची कागदपत्रे, खाते उतारा, धनादेशांच्या प्रती आणि उपलब्ध असल्यास सीसीटीव्हीचे चित्रण पुरवले जाते. खातेवहीच्या मूळ प्रती न्यायालयात न्याव्या लागू नयेत म्हणून १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टने प्रमाणित प्रतीला पुराव्याचे स्थान दिले आहे, आणि नव्या संहितेच्या कलम ९४ नेही तो कायदा अबाधित ठेवला आहे.

तोंडी विनंतीवर, दूरध्वनीवर किंवा ओळखीखातर उतारा देणे मात्र बँकेला शोभत नाही. बँक आणि ग्राहक यांच्यातील करारातूनच गोपनीयतेचे कर्तव्य निर्माण होते, आणि कायद्याची सक्ती, सार्वजनिक हिताचे कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित व ग्राहकाची संमती हे चारच अपवाद त्याला आहेत. इंग्लंडमध्ये १९२४ साली टुर्नियर खटल्यात सांगितलेले हे सूत्र रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतही आढळते. कॅनरा बँकेच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला आणखी बळ दिले, आणि कागद बँकेच्या ताब्यात गेले म्हणून त्यांवरील व्यक्तीचा खासगीपणाचा हक्क संपत नाही, असे स्पष्ट केले.

आता मागणीपत्रात ‘सदर खात्याबाबत एसटीआर पाठवला असल्यास त्याची प्रत द्यावी’ असे वाक्य असेल तर काय करायचे, हा या विषयाचा गाभा आहे. शाखेने येथे ‘पाठवला आहे’ असेही म्हणू नये आणि ‘पाठवलेला नाही’ असेही म्हणू नये, कारण अहवाल नसताना दर वेळी ‘नाही’ म्हणणारी बँक एखाद्या वेळी गप्प राहिली तर तिचे मौनच उत्तर ठरते. पत्र प्रधान अधिकाऱ्याकडे पाठवावे, खात्याच्या नोंदी नेहमीप्रमाणे द्याव्यात, आणि अहवालाविषयी कायद्याच्या गुप्ततेकडे बोट दाखवून तपासयंत्रणेला एफआययूकडे जाण्यास सुचवावे, हा सुरक्षित मार्ग होय. न्यायालयाचा थेट आदेश आला तर तो टाळता येत नाही. अशा वेळी बँकेने गुप्ततेची तरतूद न्यायालयाच्या निदर्शनास आणून बंद लिफाफ्यात माहिती सादर करण्याची परवानगी मागणे इष्ट ठरते.

यात पोलिसांची अडवणूक होते असे मानण्याचे कारण नाही. पीएमएलएच्या कलम ६६ नुसार एफआययूला आपल्याकडील माहिती सक्तवसुली संचालनालय, आयकर विभाग, केंद्रीय अन्वेषण विभाग किंवा राज्य पोलीस यांना देता येते, आणि कलम १२अ नुसार बँकेकडून अधिक माहितीही मागवता येते. एका बँकेला एकाच खात्याचा संशय दिसतो, तर एफआययूला त्याच माणसाची पाच बँकांतील हालचाल दिसते. म्हणून वरून येणारी माहिती शाखेतून मिळणाऱ्या प्रतीपेक्षा बहुधा अधिक उपयोगाची असते. शिवाय अहवाल हा पुरावा नसून तपासाची दिशा दाखवणारा संकेत आहे. तो आरोपपत्राला जोडला गेला की आरोपीच्या हाती त्याची प्रत पडते, लिहिणाऱ्याची ओळख उघड होते, आणि जे सिद्ध करायचे ते तर मूळ खाते उताऱ्यानेच सिद्ध करावे लागते.

पोलिसांच्या मागणीचा एक परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही. एसटीआरच्या नमुन्यात इशारा कोठून मिळाला हे नोंदवायचे असते, आणि त्या स्रोतांत तपासयंत्रणेकडून आलेली विचारणा हाही एक स्वीकृत स्रोत आहे. आजवर साधे वाटलेले खाते पोलिसांचे पत्र आल्यानंतर बँकेने पुन्हा तपासणे अपेक्षित असते. मात्र पत्र आले एवढ्याच कारणाने डोळे मिटून अहवाल पाठवणे योग्य नव्हे, कारण पत्रातील खातेदार साक्षीदार किंवा फसवणुकीचा बळीही असू शकतो.

खाते गोठवणे हा याहून निराळा विषय आहे. बँक खाते ही जप्त करता येण्याजोगी ‘मालमत्ता’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस निओगी या खटल्यात ठरवले, आणि जुन्या संहितेतील कलम १०२ चा तो अधिकार नव्या संहितेत कलम १०६ मध्ये आला आहे. तेव्हा ज्याचे खाते गोठले त्याने बँकेने आपल्याविषयी काय कळवले याचा शोध घेण्यापेक्षा, गोठवण्याचा आदेश कोणत्या पोलीस ठाण्याने, कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या कलमाखाली दिला, ही माहिती मागावी. दाद मागण्यासाठी तिचाच उपयोग होतो. माहिती अधिकाराच्या अर्जाने संशयाचा अहवाल मिळत नाही, कारण त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत वगळलेल्या संस्थांमध्ये एफआययूचा समावेश आहे.

नोंद आणि संशय यांतील फरक पुणे जिल्ह्याने नोटाबंदीच्या काळात मोठ्या प्रमाणावर अनुभवला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या घोषणेनंतर अवघ्या सहा दिवसांत, १४ नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई केली. १९१७ साली स्थापन झालेली आणि जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांपर्यंत विविध कार्यकारी सोसायट्यांमार्फत पीककर्ज पोहोचवणारी पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही त्यांपैकीच एक. या बँकांत बेहिशेबी पैसा शिरेल ही भीती त्या निर्णयामागे सांगितली गेली. परंतु मनाईपूर्वी स्वीकारलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत भरण्याची मुभा देणारे नियम निघायला २० जून २०१७ उजाडला, आणि तोवरची झळ सामान्य ठेवीदारांनी व कर्जदार शेतकऱ्यांनी सोसली. संशय एका खात्यावर नेमका न ठेवता साऱ्या बँकव्यवस्थेवर ठेवला की काय होते, याचा तो धडा होता.

जगात अन्यत्रही हीच विभागणी दिसते. अमेरिकेत अशा अहवालांची गुप्तता कायद्याने १९९२ पासून बांधलेली असून, बँक अहवालाला आधारभूत असलेली कागदपत्रे अधिकृत तपासयंत्रणेला देते, पण दिवाणी दाव्यातील पक्षकाराने प्रत्यक्ष अहवाल मागितला तर नकार देऊन फिनसेन या तेथील संस्थेला ती मागणी कळवते. सप्टेंबर २०२० मध्ये दोन हजारांहून अधिक अमेरिकी अहवाल पत्रकारांच्या हाती लागून ‘फिनसेन फाइल्स’ या नावाने जगापुढे आले. त्यांतून बड्या बँकांची ढिलाई उघड झाली हे खरे, तरी ते फोडणाऱ्या सरकारी अधिकारी महिलेला २०२१ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. आर्थिक गुन्ह्यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या ज्या एफएटीएफ या गटाचा भारत २०१० पासून सदस्य आहे, त्याची २१ वी शिफारस याच गुप्ततेविषयी आहे.

गुप्ततेचा आडोसा घेऊन अहवालच न पाठवणे हा दुसऱ्या टोकाचा दोष होय. पीएमएलएखालील जबाबदारी चुकवणाऱ्या संस्थेला कलम १३ नुसार प्रत्येक चुकीमागे दहा हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो, आणि चुकांची संख्या वाढली की ही लहान दिसणारी रक्कम किती फुगते हे २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेला झालेल्या ५ कोटी ४९ लाख रुपयांच्या दंडावरून दिसून आले.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की चांगल्या बँकेची परीक्षा ती किती माहिती देते किंवा किती दडवते यावर होत नाही, तर कोणती माहिती कोणत्या वाटेने देते यावर होते. नोंद मागणाऱ्याला कायदेशीर मागणीवर विनाविलंब नोंद द्यावी आणि संशय मात्र एफआययूखेरीज कोणापुढेही उघड करू नये, एवढे पथ्य घोडेगावच्या शाखेने पाळले तरी तपास, ग्राहक आणि कर्मचारी या तिघांचेही हित साधते. खातेदारांनीही आपली हिशोबपट्टी, पावत्या आणि पीकनोंदी जपून ठेवाव्यात, बँकेने विचारल्यास त्या निःसंकोच दाखवाव्यात, आणि आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड कोणत्याही मोबदल्यात दुसऱ्याच्या हाती देऊ नये.